मुंबईत पहिली रोड बाईक घेताना: आधी माप, मग टायर, गिअर सगळ्यात शेवटी

बजेट पस्तीस-चाळीस हजार, शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही आणि आता रोड बाईक (खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची सायकल) घ्यायचीये, असं असेल तर दुकानात जायच्या आधी घरी एक काम करा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पावलांमध्ये साधारण वीतभर अंतर, आणि जाड पुठ्ठ्याचं एखादं पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून वर सरकवायचं, सीटवर बसल्यावर जेवढं लागतं तेवढं लागेपर्यंत. पुस्तकाची कड भिंतीला सरळ टेकली पाहिजे. घरातल्या कुणालातरी सांगा त्या वरच्या कडेला पेन्सिलने खूण करायला, मग जमिनीपासून खुणेपर्यंत टेप लावा. तीनदा करा, कारण पहिल्यांदा लाजून पुस्तक नीट वर घेतलं जात नाही आणि माप दोन सेंटीमीटरने चुकतं. हा झाला तुमचा इनसीम.

इनसीमला ०.६७ ने गुणलं की फ्रेमचा अंदाजे साइज सेंटीमीटरमध्ये मिळतो, आणि ०.८८३ ने गुणलं की पायडलचे दांडे ज्या मधल्या अक्षावर फिरतात तिथपासून सीटच्या वरपर्यंतची उंची. माझा इनसीम ७८, म्हणजे फ्रेम साधारण ५२ आणि सीट ६९ च्या आसपास. हल्लीच्या फ्रेमची वरची नळी उतरती असते त्यामुळे हा आकडा तंतोतंत लागू होत नाही, कंपनीचा साइज चार्ट बघावाच लागतो, पण दुकानदार ५६ ची सायकल पुढे करत असेल तर आपल्याला कळतं की काहीतरी गडबड आहे.

मला तेव्हा कळलं नव्हतं. माझी पहिली रोड बाईक ५६ ची होती, दुकानात तेवढीच शिल्लक होती आणि त्यावर चांगली सूट होती, "सीट खाली केली की बसते बरोबर" असं सांगितलं आणि मी घेतली. मुलुंडहून ऐरोली पुलावरून पाम बीच रोडला जायचो, नेरुळ येईपर्यंत दोन्ही हातांची करंगळी आणि बाजूचं बोट बधीर, मानेत कळ, मला वाटायचं सवय नाही म्हणून होतंय. आठ महिने असंच चाललं. सीट खाली केल्याने उंची बसते पण हँडलपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं, आणि सगळा त्रास त्या अंतराचा होता. शेवटी तोटा सोसून विकली. म्हणून सांगतो, योग्य साइज नसेल तर थांबा, दुसरं दुकान बघा, महिनाभर वाट बघा, पण सूट आहे म्हणून घेऊ नका. हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, एक-दोन सेंटीमीटर लहान लावून किरकोळ फरक भरून निघतो, दोन साइजचा फरक निघत नाही.

दुसरं, तुम्ही नक्की कुठे चालवणार ते ठरवा. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू यांवर सायकलला परवानगी नाही, म्हणजे गुळगुळीत लांबलचक डांबराचं जे स्वप्न असतं ते या शहरात पहाटेच्या मरीन ड्राइव्हवर किंवा पाम बीच रोडवर थोडं पूर्ण होतं आणि बाकी सगळा वेळ पेव्हर ब्लॉक, अर्धवट भरलेले खड्डे, फ्लायओव्हरचे जॉइंट आणि गटाराच्या जाळ्या. रोज ऑफिसला न्यायचीये, वाटेत सिग्नल खूप आहेत, मागे बॅग लावायचीये, असं असेल तर सरळ हँडलची हायब्रिड घ्या, खरंच, त्यात कमीपणा काही नाही, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली घेऊ नका कारण स्वस्तातलं सस्पेन्शन वजन वाढवतं आणि दुसरं काही करत नाही. रविवारी पहाटे पन्नास-साठ किलोमीटर जायचंय, कधीतरी ठाण्याचं येऊर चढायचंय, पुढच्या हिवाळ्यात खोपोलीहून लोणावळा करायचंय, तर रोड बाईक.

आता टायर. मुंबईसाठी माझ्या मते साइजनंतर यालाच सगळ्यात जास्त महत्त्व द्यायला पाहिजे आणि दुकानात याबद्दल कुणी विचारत नाही. जुन्या रोड बाईकला २३ मिलिमीटरचे टायर असायचे, मग २५ आले, आता २८ आणि ३२ सर्रास मिळतात. टायरच्या कडेला ७०० x २८ असं लिहिलेलं असतं ते वाचा. गटाराच्या काही जाळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेनेच असतात, २३ चं चाक त्यात सरळ घुसतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरला ७५-८० पीएसआय पुरतं, मग हातांना हादरे कमी बसतात आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब चिमटून होणारं पंक्चरही कमी होतं. सायकलवर २५ चे टायर असतील तरी चालेल, पण फ्रेम आणि चिमट्यामध्ये (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) २८ बसतील एवढी जागा आहे का ते विचारा, नुसतं विचारू नका, चाकाच्या दोन्ही बाजूंना बोट घालून बघा. मडगार्ड लावायला फ्रेमला भोकं आहेत का तेही बघून घ्या, जूनमध्ये आठवण येईल.

पैशांचं म्हणाल तर चाळीस हजारांतले चाळीस सायकलवर घालवू नका. सात-आठ हजार बाजूला काढा आधीच. हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल लाइट, कुलूप, पॅड असलेली शॉर्ट्स, एक जास्तीची ट्यूब, टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर, आणि पंप. पंपाचं विसरतात लोक. रोड बाईकच्या ट्यूबला बहुतेक वेळा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्याला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप लागत नाही, छोटा पितळी अडॅप्टर मिळतो तो घेऊन सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

गिअरवर लोक तासन् तास बोलतात, मी थोडक्यात सांगतो. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीची चढती भाजणी अशी: टूर्नी, मग क्लॅरिस मागे ८ गिअरची, सोरा ९, टियाग्रा १०, त्यानंतर '१०५' याच नावाची. नव्या माणसाला क्लॅरिस भरपूर झाली, सोरा मिळाली तर उत्तम, तिच्यावर जाण्यासाठी कर्ज-बिर्ज काढू नका. एवढंच बघा की गिअर बदलायचं बटण ब्रेकच्या लिव्हरलाच आहे, कारण काही स्वस्त सायकलींत ते स्टेमवर किंवा फ्रेमच्या नळीवर असतं आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये दर वेळी हँडलवरून हात काढणं मला तरी धोक्याचं वाटतं. आणि दातांचे आकडे विचारा: पुढच्या दोन चक्रांना ५० आणि ३४ दात, मागे सगळ्यात मोठं चक्र ३० किंवा ३२ दातांचं असेल तर घाटात गुडघे वाचतील. शहरात फ्लायओव्हर सोडले तर चढ नाहीत म्हणून मागे २५ चं चालेल असं वाटतं, ते येऊरच्या पहिल्या वळणापर्यंतच.

फ्रेम ॲल्युमिनियमची, चिमटा शक्यतो कार्बनचा. या बजेटात पूर्ण कार्बनचा विचार सोडा. नवीन रोड बाईक साधारण १० ते १२ किलोची मिळते, पंधराच्या वर जात असेल तर रोड बाईकचं फक्त हँडल लावलंय असं समजा. ब्रेक रिमचे की डिस्कचे यावर भांडू नका, पावसातही चालवणार असाल तर डिस्क, कारण ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, नाहीतर रिमचे हलके आणि दुरुस्तीला सोपे.

जुनी घ्यायची का? घ्या, याच पैशात एक पायरी वरची सायकल येते, पण मुंबईतली जुनी सायकल म्हणजे खाऱ्या हवेत राहिलेली सायकल हे डोक्यात ठेवून बघायची. ५ मिलिमीटरचा ऍलन की (षटकोनी पाना) सोबत न्या आणि मालकाला विचारून सीटचा बोल्ट सैल करून सीटपोस्ट वरखाली होतो का बघा, कधीकधी फ्रेमच्या आत तो गंजून असा धरतो की निघतच नाही, मग तुमच्या उंचीला सीट लावता येणार नाही आणि सायकल तुमच्या कामाची नाही. एक साधी फूटपट्टी पण न्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरायचं आणि बारा इंचांवर बघायचं, तिथे बरोबर पिनचा मध्य आला तर चेन चांगली, एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायला आली, एक अष्टमांश गेला असेल तर चेनसोबत मागची चक्रंही गेलेली असायची दाट शक्यता, तेवढे पैसे कमी करून मागा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलखाली टकटक जाणवायला नको. चाक उचलून फिरवा, ब्रेकच्या रबराजवळचं अंतर कमीजास्त होत असेल तर चाकाला आऊट आलाय, म्हणजे ते डुलतंय, तो काढता येतो, पण रिमची ब्रेक लागते ती बाजू बोटाला खोलगट लागत असेल तर रिमच बदलायला लागेल. जोडांवर, खासकरून हँडलखाली आणि पायडलच्या वर, रंगात केसासारखी रेघ दिसली तर नमस्कार करून निघा. आणि पायडलच्या खाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, तो मूळ बिलावरच्या नंबरशी जुळवा, बिल नाही म्हणाला तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, कुणाची तरी चोरलेली सायकल असू शकते.

नवी असो की जुनी, चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दुकानाच्या दारात एक चक्कर मारून काही कळत नाही, किमान वीस मिनिटं मागा. आधी सीट तुमच्या आकड्याला लावून घ्या. हात ब्रेकच्या लिव्हरवरच्या रबरी पकडीवर ठेवा, कोपर थोडं वाकलेलं राहतंय का? खांदे कानांकडे चढतायत का? तिथूनच दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबता येतो का? हात लहान असतील तर लिव्हर जवळ आणता येतो, बऱ्याच सायकलींत त्याला छोटा स्क्रू असतो, तो दुकानातच फिरवून घ्या. उजवा ब्रेक पुढचा आहे की मागचा हे नीट विचारा, सायकलीनुसार बदलतं, आणि अचानक रिक्षा आडवी आल्यावर ते शोधायची वेळ यायला नको. सीटवरून पुढे उतरून, वरची नळी दोन पायांच्या मध्ये ठेवून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहा, वरच्या नळीत आणि तुमच्यात दोन-तीन सेंटीमीटर मोकळे हवेत.

घरी आणल्यावर ती बिल्डिंगच्या खाली ठेवू नका, चोरी एक आणि पाऊस दुसरा, पॅसेजमध्ये जागा नसेल तर भिंतीवर हुक लावा. पाण्यातून आलात तर त्याच दिवशी चेन फडक्याने पुसून तेलाचे थेंब टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी लाल झालेली दिसते ती. आणि पहिल्या महिन्या-दीड महिन्यात नव्या केबल ताणून सैल होतातच, गिअर अडकायला लागतात, ब्रेक खोल जातो, सायकल बिघडली असं समजून घाबरू नका, दुकानात नेऊन ताणून घ्या, नवी घेतली असेल तर ही पहिली सर्व्हिस फुकट आहे का ते बिल करतानाच विचारून त्याच बिलावर लिहून घ्या.