चिंचिलासाठी पिंजरा कसा निवडावा

चिंचिलासाठी पिंजरा पाहायला जाताना सोबत मोजपट्टी ठेवावी आणि तो बाहेरून कसा दिसतो याऐवजी आत हात घालून काय लागते हे तपासावे. जेमतेम अर्ध्या किलोचा प्राणी म्हणून ससा किंवा हॅमस्टर यांच्यासाठी बनवलेला पिंजरा त्याला पुरेल असे पुष्कळांना वाटते; पण चिंचिला हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कड्याकपारींत राहणारा, एका खडकावरून दुसऱ्या खडकावर झेप घेणारा प्राणी आहे आणि पाळीव झाला तरी त्याचे मागचे पाय त्या झेपेसाठीच बनलेले आहेत. शिवाय नीट सांभाळल्यास तो दहा ते पंधरा वर्षे, कधीकधी वीस वर्षांपर्यंतही जगतो, त्यामुळे घाईने घेतलेल्या पिंजऱ्याची अडचण त्याला आणि आपल्याला फार काळ सोसावी लागते.

एका चिंचिलासाठी किंवा एकमेकांशी पटणाऱ्या जोडीसाठी आतून सुमारे ९० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल आणि १२० सेंटिमीटर उंच इतकी जागा ही किमान मर्यादा समजावी. लेबलावर छापलेल्या उंचीत पुष्कळदा खालचा स्टँड आणि चाकेही धरलेली असतात, म्हणून ट्रेपासून छतापर्यंतचे अंतर आपणच मोजलेले बरे.

सर्वांत जास्त फसगत होते ती उंचीच्या बाबतीत. पिंजरा उंच आहे म्हणजे चांगला आहे, असे सरसकट सांगितले जाते. माझ्या मते फळ्या नसलेली उंची ही सोय नसून धोका आहे. चिंचिला उडी उत्तम मारतो, पण गजांना धरून चढला की उतरणे त्याला तितकेसे जमत नाही, आणि त्याच्या पायांची हाडे इतकी बारीक असतात की वेडेवाकडे पडणे अस्थिभंगाला पुरेसे ठरते. म्हणून फळ्या एकाखाली एक न लावता जिन्याच्या पायऱ्यांसारख्या आलटून पालटून, साधारण २० ते ३० सेंटिमीटरच्या अंतराने लावाव्यात आणि कोठेही सरळ खाली पडण्याचे अंतर ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त राहणार नाही हे पाहावे. उंच पिंजऱ्याच्या मध्यावर जवळजवळ पूर्ण रुंदीचा एक मजला असल्यास फारच चांगले. प्रत्येक फळी एवढी रुंद असावी की त्यावर बसून प्राण्याला सहज वळता येईल.

गजांमधील मोकळी फट प्रौढ चिंचिलासाठी अडीच सेंटिमीटरहून अधिक नसावी. पिल्ले असतील किंवा मादी गाभण असेल, तर ती याच्या निम्म्याने असलेली बरी, कारण चिंचिलाची पिल्ले अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात, काही तासांतच इकडेतिकडे पळू लागतात आणि मोठ्या फटीतून बाहेर निसटतात.

यानंतर तळाकडे पाहावे. दुकानातील बऱ्याच पिंजऱ्यांचा तळ तारेच्या जाळीचा असतो आणि लेंड्या खाली पडत असल्याने तो स्वच्छ राहतो, अशी त्याची भलामण केली जाते. चिंचिलाच्या तळपायांना मात्र केसांचे संरक्षण नसते. सतत तारेवर उभे राहून तळव्यांना जखमा होतात, त्या चिघळतात, आणि उडी मारण्याच्या क्षणी जाळीत अडकलेला पाय मोडू शकतो. जाळी काढता येत असेल तर काढून टाकावी, अन्यथा ती सपाट लाकडी फळीने पूर्ण झाकावी. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाण्यासाठी लावलेल्या तारेच्या उतरत्या फळीलाही (उतरणीलाही) हेच लागू होते, आणि धडधाकट चिंचिलाला खरे तर उतरणीची गरजच नसते.

त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे तोंडाला लागेल ते तो कुरतडणारच. प्लॅस्टिकचा ट्रे किंवा फळी दिसायला नीटनेटकी असली तरी तिचे गिळलेले तुकडे आतड्यात अडकण्याची भीती असते. म्हणून ट्रे धातूचा आणि फळ्या रंग किंवा पॉलिश न केलेल्या, भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या असाव्यात. देवदारासारखे उग्र वासाचे लाकूड आणि डिंकाने चिकटवलेले प्लायवूड टाळावे. गजांवरचा मुलामा नखाने खरवडून पाहावा. नखाने निघणारा रंग दातांपुढे एक रात्रही टिकणार नाही.

दार पाहताना हात कोपरापर्यंत आत घालून मागचा कोपरा गाठता येतो का, हे तपासावे, कारण रोज तेथेच साफसफाई करायची असते. चिंचिला पाण्याऐवजी बारीक धुळीत लोळून अंग स्वच्छ करतो; या धुळीच्या आंघोळीचे भांडे आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटांसाठी आत ठेवून परत काढावे लागते, तेव्हा ते दारातून आडवे न करता जायला हवे. नाकाने ढकलून उघडणारी सैल खिट्टी असलेला पिंजरा घेऊच नये. फिरते चाक बसवायचे असल्यास ते किमान ३८ सेंटिमीटर व्यासाचे आणि सलग धातूच्या पृष्ठभागाचे लागते, तेव्हा त्याचीही जागा आधीच धरावी.

चिंचिलाच्या एकेका रोमरंध्रातून पन्नासहून अधिक केस येतात आणि त्याला घाम येत नाही. १५ ते २१ अंश सेल्सियस तापमान त्याला मानवते, २५ अंशांपुढे उष्माघाताचा धोका सुरू होतो. त्यामुळे काचेची टाकी किंवा बंद भिंतींचा पिंजरा बाद समजावा. चारही बाजूंनी हवा खेळणारा तारेचा पिंजराही थेट उन्हात किंवा स्वयंपाकघरात ठेवू नये, आणि त्यात गारव्यासाठी दगडी लादी ठेवण्यापुरती सपाट जागा राखावी.

शेवटी, घेण्यापूर्वी पिंजरा दोन्ही हातांनी धरून चांगला हलवून पाहावा. चिंचिला रात्री जागा असतो. दुकानात किंचित खडखडणारा सांगाडा मध्यरात्री त्याच्या उड्यांनी घर जागे करतो, मग तो लांबच्या खोलीत हलवला जातो आणि प्राणी माणसांपासून दूर पडतो. जुना पिंजरा घेत असाल तर ट्रेच्या कडा आणि गजांचे सांधे गंजले नाहीत ना ते पाहावे, आणि प्राण्याला आत सोडण्यापूर्वी प्रत्येक फळी तळहाताने दाबून, आतल्या बाजूला स्क्रूचे टोक बाहेर आलेले नाही याची खात्री करून घ्यावी.