निवडून आलात, आता आधी दप्तर वाचा

मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात मी एक टर्म सरपंच होते. अजूनही निकाल लागला की नव्या सरपंचांचे फोन येतात, विशेषतः पहिल्यांदाच खुर्चीवर बसलेल्या बायकांचे. "ताई, सुरुवात कुठून करू?" त्यांच्या डोक्यात रस्ता, सभामंडप, कमान असं काहीतरी असतं. मी म्हणते, आधी दप्तर वाचा.

दप्तर म्हणजे ग्रामपंचायतीच्या ठरलेल्या नोंदवह्या, त्यांना नमुने म्हणतात, ते १ ते ३३ आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही. नमुना ५ म्हणजे कॅशबुक, ८ म्हणजे घरांची आकारणी, ९ म्हणजे करमागणी. हे तीन समोर ठेवून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आपण अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतो) शेजारी बसवा आणि विचारत राहा. थकबाकी कोणाची किती, हे कळलं की गाव कळतं. सर्वात मोठी बाकी बहुतेक वेळा गरिबाच्या घरची नसते.

यादीत स्वतःचं नाव आधी शोधा. मागणीचं बिल मिळाल्यापासून ३ महिन्यांत कर भरला नाही तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली पद जाऊ शकतं. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचंही तसंच आहे. ते सासऱ्यांनी केलेलं असलं तरी तुम्ही त्याच घरात राहत असाल तर अपात्रता येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. निवडणुकीच्या खर्चाचा हिशोब ३० दिवसांत द्यायचा असतो. हरलेलं पॅनेल ही कागदपत्रं तुमच्याआधी काढून बसलेलं असतं.

आता डोंगलबद्दल, म्हणजे डिजिटल सही ज्यात असते त्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूबद्दल. वित्त आयोगाचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सहीने निघतो. ते डोंगल ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, नाहीतर नवऱ्याच्या खिशात ठेवायची पद्धत पडली आहे. बायांनो, हे अजिबात करू नका. डोंगल आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवा. बिल काढायच्या आधी एस्टिमेट, मोजमाप पुस्तिका आणि मासिक मिटिंगचा ठराव, तिन्ही मागा. गटाराची लांबी टेप लावून मोजून घ्या. उद्या चौकशी लागली तर नोटीस सही करणाऱ्याच्या नावाने निघते, "मालकांनी सांगितलं म्हणून केलं" हे उत्तर तिथे चालत नाही. आपल्याकडे ५० टक्के जागा बायकांसाठी आहेत, पण मिटिंगमध्ये बोलायचं तुमचं तुम्हालाच आहे. पहिल्या मिटिंगला आवाज कापतो. कापू दे, विषय मात्र स्वतः वाचा.

पाण्याचं मी जरा जास्तच सांगते, कारण आपल्या सोलापूर जिल्ह्यात सरपंचाची खरी परीक्षा मार्च ते जूनमध्येच होते. उजनी धरण भरलं म्हणून आपल्या माळावरच्या वाडीला पाणी येत नाही. टँकर लागेल असं वाटलं की विहीर आटायची वाट न बघता ठराव करून प्रस्ताव पंचायत समितीत द्या, कारण मंजुरीआधी संयुक्त पाहणी होते आणि त्यात दिवस जातात. टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) रोज पडते का, पाण्यात क्लोरीन आहे का हे बघणारी ओटी टेस्ट होते का, हे शिपायाबरोबर उभं राहून बघा. टीसीएलचा जुना, ओलसर साठा निरुपयोगी असतो. गावात जुलाबाची साथ आली तर लोक तुमच्या दारात येणार, आणि त्यांनी यावंच. १५ व्या वित्त आयोगाने ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, तो आमच्याकडे पाइपलाइनच्या दुरुस्तीला फार उपयोगी पडला.

सरपंच थेट गावाच्या मतदानातून निवडला जात असल्यामुळे सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं खूप गावांत होतं. आमच्याकडेही तसंच होतं. त्यावर उपाय ग्रामसभा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी संख्या. दवंडी द्या, वाडीवस्तीवर माणूस पाठवा, सभा ऊसतोडीला गेलेली माणसं परत आल्यावर एखादी जास्तीची घ्या. पाण्याचा ठराव भरल्या सभेत झाला की विरोधी सदस्यालाही गावाच्या विरोधात हात वर करणं जड जातं. सभेआधी महिला सभा घ्यायला विसरू नका, नळाचं खरं तिथेच कळतं.

पहिल्याच वर्षी पंचायत समितीच्या तिकिटाचा विचार करणारेही भेटतात. महत्त्वाकांक्षा असावी, मला ती आवडते. शेजारच्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, मध्ये पराभवही पाहिले. एसटीने फिरणारा आमदार म्हणून लोक त्यांना अजून आठवतात. पण तिकिटाच्या नादात नेत्यांच्या गाड्यांमागे फिरलात तर ग्रामपंचायत ऑपरेटर चालवतो.

शेवटचं, घरच्या पैशाचं. २०२४ मध्ये मानधन दुप्पट झालं, तरी २००० लोकसंख्येपर्यंतच्या गावात ते महिन्याला ६००० रुपयेच आहे. लग्नाचे आहेर, जत्रेची वर्गणी, दवाखान्याच्या फेऱ्या, तालुक्याला जाण्याचं पेट्रोल यात ते पुरत नाही. शेती किंवा दुकान सोडू नका. कामाला लागायच्या आधीच घरात बसून ठरवा की पदापायी महिन्याला किती खर्च करायचा, आणि त्यापुढे कोणालाही नाही म्हणा.