गावात कोण काय खाते, किती खाते: तंबाखूचा सर्व्हे आपला आपणच कसा करायचा

माझा आतेभाऊ 26 वर्षांचा आहे आणि भाकर वरणात कुस्करून खातो, कारण त्याच्या तोंडात दोन बोटं पण नीट जात नाहीत. नववीपासून खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचा घोटा, खातो. लग्नाच्या पंगतीत तिखट रस्सा वाढला की हा पानावरून उठतो, तोंडात आग होते म्हणतो. त्याच्यामुळेच आम्ही चार-पाच जणांनी गावात मोजायचं ठरवलं की हे नेमकं किती घरात आहे, कोण खाते, काय खाते, आणि कोणाचं कोणाला दिसतच नाही. करताना भरपूर चुका केल्या, त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहितोय.

आधी राज्याचा आकडा पाहून घ्या म्हणजे कशाशी ताडायचं ते कळते. 2016-17 चा गॅट्स म्हणून मोठ्या माणसांच्या तंबाखूचा जो मोठा सर्व्हे झाला त्यात महाराष्ट्रात 15 वर्षांवरचे 26.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असं निघालं, पुरुष 35.5 आणि बाया 17. त्याआधीच्या 2009-10 च्या सर्व्हेत हाच आकडा 31.4 होता, म्हणजे कमी झाला ही चांगलीच गोष्ट. पण खरी गंमत पुढे आहे, राज्यात बिडी-सिगारेट ओढणारे फक्त 3.8 टक्के आणि खाणारे-घासणारे 24.4. म्हणजे आपल्याकडं तंबाखूचा प्रश्न धुराचा नाहीच, तो गालात आणि दातावर आहे. आणि राज्याच्या एका आकड्यात मुंबईचं ऑफिस पण आलं आणि गडचिरोलीचा टोला, म्हणजे गावाबाहेरची छोटी वस्ती, पण आला, दोघांची सरासरी काढून आपल्या गावाचं काय ते कळत नाही. देशात पाहिलं तरी खेड्यात 32.5 टक्के आणि शहरात 21.2. हीच वरखाली गावाच्या आतमध्ये पण असते, वस्तीवस्तीत असते, आणि ती शोधायची आहे.

आता पहिलं काम, घरांची यादी. ग्रामपंचायतीत नमुना 8 ची घरपट्टीची वही असते, सचिवाला विनंती करून त्यावरून घरं उतरवून घ्या. पण त्यावर विसंबून राहू नका बरं का. अतिक्रमणातली घरं, विटाभट्टीवरच्या झोपड्या, गावाबाहेर राहणारं एखादं कुटुंब, हे सगळे त्या वहीत नसतात आणि नेमकं तिथंच तंबाखू जास्त निघायची शक्यता असते. म्हणून एक दिवस दोघांनी पायी फिरून घरं मोजा. दीडशेच्या आत घरं असली तं सगळीच करा, चिठ्ठ्याबिठ्ठ्या नको. तीनशे असली आणि माणसं कमी असली तं दर चौथं घर घ्या, आणि सुरुवात पहिल्या चार घरांपैकी कोणत्या घरापासून करायची ते चिठ्ठी काढून ठरवा. कुलूप दिसलं म्हणून शेजारच्या घरात शिरायचं नाही, त्याच घरी परत जायचं, तीनदा तरी. आम्ही पहिल्या आठवड्यात हेच चुकलो, दिवसा गेलो, रोवणीचे (धान लावणीचे) दिवस, घरी सापडले ते म्हातारे आणि लहान लेकरं, आणि आमचा कागद म्हणे गावात सगळे नसच (दातावर घासायची तंबाखूची पूड) घासतात. जे वावरात होते तेच तं मोजायचे होते! मग संध्याकाळी सातनंतर जाऊ लागलो.

पानठेल्यावर उभं राहून मोजायचं अजिबात नाही. सोपं वाटते, पण तिथं खाणारेच येतात, आणि बाया ठेल्यावर उभ्या राहत नाहीत, त्यांची पुडी लेकराच्या हातून येते.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, ज्याचं त्यालाच विचारा. घरातल्या कर्त्या माणसाला अंगणात बसवून "तुमच्या घरी कोण कोण खाते" विचारलं की तो स्वतःचं सांगतो, भावाचं सांगतो, बायकोचं सांगत नाही आणि पोराचं त्याला माहीतच नसते. हा फरक किती मोठा पडतो पाहा. गॅट्समध्ये घरातला एक माणूस चिठ्ठीसारखा निवडून थेट त्यालाच विचारतात, त्यात भारतातल्या 14.2 टक्के बाया तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे 2019-21 चा झाला, त्यात 15 वर्षांवरच्या सगळ्यांची ही माहिती घरातला एकच जण सगळ्यांच्या वतीनं देतो, त्यात बाया 8.9 टक्के. वर्षं वेगळी आहेत, पद्धत वेगळी आहे, सगळा फरक त्याचाच असं मी म्हणणार नाही, पण गावात फिरलेल्या माणसाला हे लगेच पटते.

बायांना बाईनंच विचारावं. आमच्यात एक आशाताई होत्या म्हणून निभावलं. सासू बसली असली तं सून बोलत नाही, आणि सून असली तं सासू पण बोलत नाही हे आम्हाला नंतर कळलं. एका घरी मीच विचारायला गेलो होतो, काकू भांडे घासत होत्या, म्हटलं काकू तुम्ही तंबाखू खाता का, त्या म्हणाल्या "नाई रे बापू, मी नाई खात असलं काई." लिहिलं, नाही. दुसऱ्या दिवशी आशाताई गेल्या आणि त्यांनी विचारलं काकू दात कशानं घासता, तं काकूंनी कमरेचा बटवा सोडला, त्यात पिवळी डब्बी, "हे नस हाय ना, दिवसातून चार-पाच वेळा घासतो, नाई तं डोकं दुखते." काकू खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या हिशोबानं खाणं वेगळं आणि घासणं वेगळं.

म्हणून "तंबाखू खाता का" हा प्रश्नच फॉर्मवरून काढून टाका. आधी दात कशानं घासता हे विचारा, मग एकेका वस्तूचं नाव घेऊन विचारा: खर्रा, तंबाखू-चुना, नस, गुडाखू (तंबाखू-गुळाची दातावर घासायची पेस्ट), गुल (तंबाखूची दात घासायची पूड), बिडी, चिलीम, सिगारेट, गुटखा, तंबाखूचं पान. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडं छत्तीसगडला लागून असल्यामुळं गुडाखू हमखास विचारा, पुण्याकडं छापलेल्या फॉर्मवर मिश्री असते आणि आपल्याकडं मिश्री म्हटलं तं लोक तोंडाकडं पाहतात. गुटख्यावर राज्यात जुलै 2012 पासून बंदी आहे, पुढं सुगंधित तंबाखू-सुपारीवर पण आली, त्यामुळं गुटखा कोणी कबूल करत नाही, आणि तसंही त्याची जागा बरीचशी खर्र्यानं घेतलेली आहे, सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटला की झाला. साध्या सुपारीचा रकाना वेगळा ठेवा. तंबाखू नाही म्हणून तो टक्क्यात धरायचा नाही, पण सोडायचा पण नाही, कारण तोंड आखडण्याचं मुख्य कारण सुपारीच आहे आणि कॅन्सरशी पण तिचा संबंध सिद्ध झालेला आहे.

प्रत्येक वस्तूला तीनच उत्तरं ठेवा: रोज, कधीकधी, अजिबात नाही. रोज आणि कधीकधी मिळून "सध्या घेणारे". मोठ्या सर्व्हेत पण असंच असते, म्हणून तुमचा आकडा त्याच्याशी ताडता येईल. त्यानंतर थोडे प्रश्न, जास्त नको, दहा मिनिटांवर गेलं की माणूस उठतो. पहिल्यांदा कितव्या वर्षी घेतलं आणि कोणी दिलं. सकाळी उठल्यावर किती वेळात लागते, अर्ध्या तासाच्या आत लागत असली तं सवय पक्की झाली समजायचं, अशा माणसाला नुसतं सोड म्हणून सुटत नाही, त्याला मदत लागते. वर्षभरात सोडून पाहिलं का. आणि दिवसाला किती पुड्या, कितीच्या. हा पैशाचा हिशोब तिथंच त्याच्यासमोर करा, समजा 20 रुपयाचा खर्रा दिवसाला तीन, तं वर्षाचे 21,900 होतात. आमच्या इथला एक कास्तकार तो आकडा ऐकून गप्प झाला आणि मग हळूच म्हणाला, एवढ्यात तं खताचं भागलं असतं.

शेवटी तोंड. डॉक्टर व्हायचं नाही, फक्त म्हणायचं की तुमची तीन बोटं उभी करून तोंडात टाकून पाहा. तीन सहज गेली तं ठीक. दोनच जात असली, किंवा तिखट सहन होत नसलं, पांढरा चट्टा किंवा न भरणारा फोड असला, तं त्याचं नाव वेगळ्या कागदावर, त्याच्या परवानगीनं, आणि त्याला ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरकडं पाठवायचं. आतेभावाला कोणी दोन वर्षं आधी बोटं टाकायला लावली असती तं बरं झालं असतं, हे माझ्या मनातून जात नाही.

लेकरांचं घरी विचारू नका, मार खातात बिचारे. शाळेत मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेऊन कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव नाही, फक्त वर्ग आणि मुलगा की मुलगी, आणि वस्तूंच्या नावापुढं टिक, डब्ब्यात टाकायची. मास्तरांनी वर्गाबाहेर थांबायचं. आशाताईकडं सीबॅकचा, म्हणजे बीपी-शुगर-कॅन्सरचा धोका तपासायचा, फॉर्म असतो त्यात तंबाखूचा प्रश्न आहे, पण तो तिशीच्या वरच्यांसाठी आहे, म्हणजे पोट्टे जिथं सुरू करतात तेच वय त्यात येत नाही.

आता आकडे मांडणं. इथं लय जण घसरतात. समजा मोठ्या वस्तीत 300 माणसं आहेत त्यातले 90 खातात आणि टोल्यावर 60 आहेत त्यातले 30 खातात. नुसती संख्या पाहिली तं सरपंच म्हणेल वस्तीतच जास्त आहे, 90 कुठं आणि 30 कुठं. पण वस्तीत दहातले तीन खातात आणि टोल्यावर दहातले पाच. पूर्ण गावाचा आकडा काढला तं 33 टक्के येतो, आणि त्या 33 मध्ये टोला बुडून जातो. म्हणून नेहमी त्या गटातल्या किती जणांपैकी किती, असंच विचारायचं. "खर्रा खाणाऱ्यांत तरुण किती" आणि "तरुणांत खर्रा खाणारे किती" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पेपरात पण उलटसुलट छापतात. बाई-पुरुष, वय, वस्ती, काम (स्वतःचं वावर, मजुरी, नोकरी, शिकणारा) आणि शिक्षण, एवढे रकाने पुरे. गट तीसच्या आत असला तं टक्केवारी लिहू नका, "11 पैकी 5" असंच लिहा, एक माणूस इकडचा तिकडं झाला की टक्के नऊनं हलतात.

आणि आकडा आला म्हणून कारण आलं असं नाही. मजुरी करणाऱ्या बायांत जास्त निघालं तं त्यांच्यासोबत चिखलात उभं राहून पाहा, सकाळी आठला गेलेली बाई, वाकून रोवणी, भूक मारायला चिमूटभर तोंडात, आणि काही ठिकाणी वावराचा मालकच मजुरीसोबत पुडी देतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला पहाटे जंगलात जायचं, घरी येऊन 70-70 पानांचे पुडके बांधत बसायचं, तिथं पण तेच. हे लिहिलं नाही तं सभेत सगळे म्हणतील की टोल्यावरचे लोक असेच. असं बोलू द्यायचं नाही.

ग्रामसभेत मांडताना एकही नाव नको. आधी महिला सभेत दाखवा, तिथं खरी चर्चा होते. 15 ऑगस्टला किंवा 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असतेच, त्यात तीनच मागण्या ठेवा, आम्ही दहा ठेवल्या आणि एकही झाली नाही. शाळेपासून 100 यार्डात विक्री कायद्यानं बंद आहे आणि 18 च्या आतल्याला विकायला पण बंदी आहे, ते अंतर टेप लावून मोजून दाखवा. रोवणीला मालकानं पुडी देऊ नये. आणि सोडायचं आहे त्यांना मदत, 1800-11-2356 हा सरकारचा फुकट नंबर आहे, तो ठेल्याच्या नाही तं पिठाच्या चक्कीच्या भिंतीवर लिहा, तिथं बाया उभ्या असतात. गडचिरोलीत सर्च या आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेच्या पुढाकारानं 2016 पासून मुक्तिपथचं, म्हणजे दारू-तंबाखू कमी करायचं, काम गावोगावी चालू आहे, त्या बाजूचे असाल तं त्यांच्या माणसाला सभेला बोलवा.

कोरा फॉर्म आणि घरांची यादी फाईलला लावून ठेवा, भरलेले फॉर्म कुलपात. पुढच्या वर्षी तेच प्रश्न, त्याच शब्दात, त्याच महिन्यात. रोवणीत मोजलं आणि पुढच्या वर्षी होळीला मोजलं तं फरक सवयीचा की हंगामाचा ते कोणालाच सांगता येणार नाही.