चीर पडण्याआधीचं इंजेक्शन : कधी, किती, कुठवर

ओटीत (ऑपरेशन थिएटरात) नव्याने लागलेल्या सिस्टरना मी आधी एकच सांगते : जखम चिघळू नये म्हणून ऑपरेशनआधी द्यायचं प्रतिबंधक अँटिबायोटिक वॉर्डात द्यायचं नाही. आमच्यासारख्या बेळगावातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये भूल देणारे डॉक्टर दुसरीकडची केस उरकून येतात. यादीत नऊ लिहिलेलं असतं, चीर पडते अकराला. वॉर्डात साडेआठला दिलेलं हे अँटिबायोटिक, सेफाझोलिन, तोवर रक्तात निम्म्यावर आलेलं असतं.

म्हणून व्हायल पेशंटबरोबर ओटीत येऊ दे. पेशंट टेबलावर आला, भूलवाले डॉक्टर हजर झाले, की मग शिरेतून तीन ते पाच मिनिटं सावकाश द्या. चीर पडण्याआधीच्या साठ मिनिटांत ते झालं पाहिजे. व्हॅन्कोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक चढायलाच तासभर लागतो, त्याला दोन तासांची मुभा. सिझेरियनलाही चिरेआधीच, नाळ कापेपर्यंत थांबायची जुनी पद्धत सोडा. टूर्निके (हातापायाचा रक्तपुरवठा थांबवणारा पट्टा) बांधणार असाल तर तो फुगवण्याआधी औषध पूर्ण गेलेलं हवं.

वेळेचा एवढा बाऊ कशाला, असं वाटेल. अमेरिकेत १९९२ साली २,८४७ ऑपरेशनांचा अभ्यास छापून आला. चिरेआधीच्या दोन तासांत डोस मिळालेल्यांत जखम चिघळण्याचं प्रमाण ०.६ टक्के होतं. चिरेनंतर तीन तास उलटल्यावर मिळालेल्यांत ३.३.

सेफाझोलिन मोठ्या माणसाला दोन ग्रॅम, १२० किलो आणि वर असेल तर तीन. केसपेपरवरचं वजन बहुतेकदा तोंडी विचारून लिहिलेलं असतं, काट्यावर उभं करा. अ‍ॅलर्जी आहे म्हणाले तर नेमकं काय झालं होतं ते विचारा : अंगावर गांधी, धाप, की नुसती मळमळ? मोठ्या आतड्याच्या केसला मेट्रोनिडॅझोल हे आणखी एक अँटिबायोटिक जोडीला लागतं. सेफाझोलिनऐवजी सरसकट सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन लावायची आपल्याकडची खोड मला पटत नाही.

डोसची वेळ भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहा. त्या वेळेपासून चार तास झाले आणि पोट अजून उघडंच असेल, किंवा दीड लिटरवर रक्त गेलं, तर सर्जनना मोठ्याने आठवण करून द्या आणि दुसरा डोस भरा. सर्जन वैतागले तर वैतागू देत.

टाके घालून झाले की अँटिबायोटिक बंद. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवलाय म्हणून पाच दिवस चालू ठेवायचं कारण नाही. आत पू सापडला तर गोष्ट वेगळी, तो मग उपचार झाला.

सुगी संपली की खानापूर, हुक्केरीकडचे हर्नियाचे पेशंट येतात. जाळी बसवून घरी जाताना चिठ्ठीत अँटिबायोटिक दिसत नाही, मग काउंटरवर सुरू होतं, “गुळगी इल्लेन्री?” (गोळ्या नाहीत का हो?) त्यांना त्यांच्या भाषेत सांगा : डोस आतच झाला. जखम लाल झाली, गरम लागली, पाणी आलं, ताप भरला तर लगेच या. जाळी असेल तर तीन महिने लक्ष ठेवा. आणि मेडिकलमधून मनाने गोळ्या घेऊ नका.