अंदमानला पहिल्यांदा निघालात? मग या चुका टाळा

कुणी अंदमानच्या सहलीचा कागद दाखवला की मी आधी शेवटचा दिवस बघते. चूक असली तर बहुतेक तिथेच असते. शेवटची रात्र हॅवलॉक बेटावर, सकाळची बोट आणि त्याच दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान. कागदावर सगळं चोख जुळतं. बोटीला दीड-दोन तास, जेट्टीवरून विमानतळ गाडीने थोडक्यात, म्हणजे मधे भरपूर वेळ आहे असं वाटतं. पण ती बोट उघड्या समुद्रातून जाते. वारा वाढला, बंदरावर धोक्याचा बावटा लागला की ती सुटत नाही, आणि सुटणार नाही हे बऱ्याचदा सकाळी सामानासकट जेट्टीवर पोचल्यावरच कळतं.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. हॅवलॉकच्या जेट्टीवर ठाण्याचं एक कुटुंब भेटलं. आजी-आजोबा, आईवडील, दोन मुलं. दुपारचं चेन्नईचं विमान, तिथून रात्री मुंबई, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना ऑफिसात हजर व्हायचं होतं. साडेआठला खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, आज बोटी बंद, उद्याचं उद्या बघू. वडिलांनी एजंटला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "साहेब, हवामान काय माझ्या हातात आहे का?" हवामान नव्हतंच त्याच्या हातात. कार्यक्रम मात्र त्याच्या हातात होता, आणि तो त्याने असा आखून दिला होता.

खरी पंचाईत वेगळीच निघाली. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिवस मोजून आणलेल्या होत्या आणि त्या सकाळी पाकिटातली शेवटची गोळी संपली होती. आजींनी हळूच विचारलं, "अगं, इथे औषधाचं दुकान कुठे असेल गं?" आम्ही दोघी रिक्षाने गोविंदनगरच्या बाजारात गेलो. सुनेच्या मोबाईलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो होता म्हणून निभावलं. कंपनी वेगळी, पण औषध तेच मिळालं. बोट सुटली दोन दिवसांनी. बोटीच्या तिकिटाचे पैसे परत मिळाले, विमानाचे नाही. सहा जणांची नवी तिकिटं काढताना त्या गृहस्थांनी मोबाईल बायकोच्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच दाब बटण."

हे क्वचित होतं असं समजू नका. डिसेंबर 2016 मध्ये चक्रीवादळाच्या पट्ट्यात हॅवलॉक आणि शेजारच्या नील बेटावर शेकडो पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. एवढं मोठं वादळ दरवर्षी येत नाही, पण एखाददुसऱ्या दिवसासाठी बोटी बंद पडणं तिथे नवलाचं नाही.

म्हणून माझा नियम सोपा आहे: विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. शक्य असेल तर दोन रात्री. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. "एक दिवस उगाच वाया जातो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही, सरळ सेल्युलर जेल दाखवते. मराठी माणूस अंदमानला जातो तो निम्मा त्यासाठीच, आणि नेमकं तेच तो पहिल्या दुपारी, रात्रभराच्या प्रवासाने डोळे चुरचुरत असताना, तासाभरात उरकतो. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं.

त्या इमारतीला वेळ द्यावा लागतो. 1906 मध्ये ती पूर्ण झाली. मूळच्या सात भुजांपैकी आता तीन उभ्या आहेत. एका भुजेच्या कोठड्यांची तोंडं शेजारच्या भुजेच्या पाठीकडे येतील अशी रचना आहे, म्हणजे समोरच्या कैद्याचा चेहरासुद्धा दिसू नये. हे वाचून कळत नाही. तिथल्या व्हरांड्यात गजांपाशी उभं राहून समोर बघितलं की कळतं. सावरकरांना 1911 मध्ये इथे आणलं आणि 1921 पर्यंत ते इथेच होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. तिथे दुपारी रांग लागते आणि मागचा माणूस फोटोसाठी घाई करतो. सकाळी दार उघडताच जा आणि आधी वर जा. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवा. सुट्टीच्या दिवसांत आयत्या वेळी मिळत नाही.

हंगामाचं गणितही लोक चुकवतात. दरवर्षी मे महिन्यात पेपरात बातमी येते, "मान्सून अंदमानात दाखल". आपण ती वाचून आता पंधरा-वीस दिवसांत आपल्याकडेही पाऊस येणार म्हणून खूश होतो, आणि तेच लोक मुलांना सुट्टी आहे म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात अंदमानचं बुकिंग करतात. तो मान्सून दाखल होतो म्हणजे तुमच्या हॉटेलच्या डोक्यावरच दाखल होतो. दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळांचा काळ असतो. समुद्र सगळ्यात शांत असतो तो साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. मुलांच्या परीक्षा आड येतात हे मला कळतं. मग दिवाळीत जा, पण राखीव दिवस ठेवूनच जा.

दुसरी चूक घड्याळाची. अंदमानात घड्याळ आपलंच चालतं, सूर्य मात्र खूप पूर्वेचा. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे पाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा जवळजवळ तासभर आधी. आपली मंडळी सुट्टी म्हणून नऊला उठतात, साडेदहाला नाश्ता, जेवण करून जरा आडवं होतात आणि चार वाजता "चला आता राधानगरला" म्हणून निघतात. राधानगर किनारा जेट्टीपासून बारा किलोमीटरवर. तिथे पोचून कपडे बदलेपर्यंत उजेड ओसरायला लागतो आणि अंधार पडायच्या आत जीवरक्षक शिट्ट्या मारून सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात. मग संध्याकाळी तक्रार, की बीच काही खास नाही.

तिथे गेल्यावर मी पाचला उठते. तेव्हा उजाडायला लागलेलं असतं, पाणी शांत असतं आणि किनाऱ्यावर गर्दी नसते. सूर्योदयासाठी हॅवलॉकला काळा पत्थर किंवा विजयनगरचा किनारा, नीलला सीतापूर. सूर्यास्ताला हॅवलॉकचं राधानगर, नीलचं लक्ष्मणपूर. पूर्व-पश्चिम कोणती हे नकाशात बघायला मिनिटभरही लागत नाही, तरी सीतापूरला सूर्यास्ताची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि भरती-ओहोटी! कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागू नये, पण सहलीला निघाला की तोही विसरतो. नीलवरचा खडकांचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. खडकांमधल्या डबक्यांतले रंगीत मासे, समुद्रकाकड्या, खेकडे दिसतात तेही तेव्हाच. भरतीला पाणी चढतं आणि वाटच राहत नाही. नीलच्याच भरतपूर किनाऱ्यावर उलट: ओहोटीला पोवळी उघडी पडतात, पोहायला खोलीच उरत नाही. पुण्याचं एक जोडपं असंच ऐन भरतीला पुलापाशी पोचलं. ड्रायव्हर म्हणाला, दुपारनंतर या. दुपारची त्यांची बोट होती. आदल्या संध्याकाळी हॉटेलात एक प्रश्न विचारला असता तर दोन्ही जागांची वेळ आलटूनपालटून करता आली असती.

आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, अंदमानला जसाच्या तसा लागू पडत नाही. एवढं मात्र तिथेही खरं, की भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. म्हणून नीलला उतरल्या उतरल्या मी उद्याची ओहोटी कधी ते विचारते आणि दिवस त्याभोवती आखते. कार्यक्रमात "सकाळी 10: नॅचरल ब्रिज" असं छापून आलं असेल तर तो छापणाऱ्याने पंचांग बघितलेलं नाही, हे धरून चाला. खडकांवर जाताना मागे पट्टा असलेल्या रबरी तळाच्या सँडल घाला. साध्या चपला तिथे घसरतात.

स्कूबाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथली घाई जिवावर बेतू शकते. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाबरोबर पहिली डुबकी मारता येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आधी एक फॉर्म भरून घेतात, त्यात दमा, फिट, हृदयविकार, कानाचे त्रास विचारलेले असतात. "हो लिहिलं तर नेणार नाहीत" म्हणून सगळीकडे "नाही"वर खूण करणारे मी शेजारी बसून पाहिलेत, आणि मी त्यांना तोंडावर टोकते. पाण्याखाली दम लागला तर खिडकी उघडायची सोय नाही. सर्दीने कान बंद असतील तरी त्या दिवशी राहू द्या, पैसे गेले तरी चालतील. आणि डुबकीनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून निदान अठरा तास मधे जाऊ द्यावेत. म्हणजे स्कूबा सहलीच्या सुरुवातीला, शेवटी नाही.

बोट लागणाऱ्यांनी रिकाम्या पोटी बसू नये. इडली, केळं असं हलकं काहीतरी खाऊन, डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी उपयोगाची नाही. जागा बोटीच्या मध्यावर मागा. पुढच्या टोकाला आपटणं जास्त.

पोर्ट ब्लेअरला जेट्ट्या दोन: सरकारी बोटींची फिनिक्स बे आणि खाजगी बोटींची हॅडो. तिकिटावर वाचून रिक्षावाल्याला सांगा. नावं बदलल्यामुळेही गोंधळ उडतो. हॅवलॉक आता स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम. तिकिटावर नवं नाव दिसलं तर चुकीचं बुकिंग झालं म्हणून रद्द करू नका.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलंय, पण छोट्या बेटांवर नारळपाणी पिऊन झाल्यावर मोबाईलचं चाक फिरत राहणं अजूनही घडतं.

बाराटांग बेटावरची गुहा पहिल्या सहलीत घालू नका. रात्री तीन-चारला निघावं लागतं, सबंध दिवस जातो, आणि रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून, ठरलेल्या वेळेच्या ताफ्यातूनच जातो. तरी गेलात तर काचा बंद, मोबाईल खिशात. थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे. "जारवा दिसतील का?" असं कुणी विचारलं की माझा पारा चढतो. ती माणसं त्यांच्या घरात आहेत आणि आपण त्यांच्या अंगणातून चाललोय.

मगरींच्या पाट्या लावलेल्या असतील तिथे पाण्यात पाऊलही टाकू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखर आहेत, आणि 2010 मध्ये राधानगरजवळच एका पर्यटक बाईचा जीव गेला आहे. खाडीच्या तोंडाशी आणि तिवरांजवळ पाणी कितीही शांत दिसलं तरी नाही.

शेवटी शंख आणि पोवळी. किनाऱ्यावर पडलेला पोवळ्याचा पांढरा तुकडा मेलेला असतो, मग घेतला तर काय बिघडलं, असं सगळ्यांनाच वाटतं. वन्यजीव कायद्याने पोवळी नेता येत नाहीत, मेलेलीसुद्धा, आणि परतताना विमानतळावर बॅगा यंत्रातून जातात तेव्हा ती दिसतात. आठवण हवीच असेल तर सरकारी एम्पोरियममधून पावतीसकट घ्या आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवा. मुलांना हे पहिल्याच किनाऱ्यावर सांगा, आणि बॅग भरताना त्यांचे खिसे आणि पोहण्याच्या कपड्यांची पिशवी एकदा स्वतः तपासा.