कराराचं लग्न आणि हरवलेले सहा आठवडे: रीजन्सी काळातली प्रेमकादंबरी कशी बांधावी

खोटं लग्न आणि स्मृतिभ्रंश ही जोडी ऐतिहासिक प्रेमकादंबरीत हमखास चालते, पण बांधणीची सुरुवात प्रेमापासून करू नका. आधी दोन गोष्टी कागदावर ठरवा. नायिकेच्या आयुष्यातला नेमका किती काळ पुसायचा? आणि कथा जिथे घडते तिथला कायदा त्या खोट्या लग्नाला काय म्हणतो? हे पक्कं झालं की निम्मे प्रसंग आपोआप सुचतात.

उदाहरणासाठी १८१६ सालचा ब्रिटन घेऊ. रीजन्सी म्हणजे राजाच्या आजारपणामुळे युवराजाने राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला तो काळ, ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. १८१५ च्या एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. थंडी, सततचा पाऊस, रस्त्यांवर चिखल. गाडी उलटवायला वेगळं कारण शोधावं लागत नाही. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर अर्ध्या पगारावर घरी बसवलेले लष्करी अधिकारीही तेव्हा जागोजागी होते, म्हणजे बेकार पण भला नायकही तयार.

किती विसरायला लावायचं

डोळे उघडले, बोलणं-चालणं ठणठणीत, पण स्वतःचं नाव आठवेना: डोक्याला मार लागल्यावर सहसा असं होत नाही. स्वतःची ओळखच पुसली जाणं हा प्रकार दुर्मीळ आहे, आणि तो बहुधा मोठ्या मानसिक धक्क्यातून येतो. मार लागला की जातं ते अलीकडचं. बालपण, आईवडील, घरचा जिना, पाठ केलेल्या कविता हे सगळं राहतं. अपघाताआधीचे तास, दिवस, कधी आठवडे धूसर होतात किंवा गळून पडतात. अलीकडचं आधी जातं आणि जुनं टिकतं, हा नियम तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ साली मांडला. तुमच्या पात्रांना तो माहीत असायचं कारण नाही, तुम्हाला मात्र हवा.

म्हणून नायिकेचं सगळं आयुष्य पुसू नका. सहा आठवडे पुसा, आणि नवरा-बायको असल्याचं नाटक करायचा करार त्या सहा आठवड्यांत बसवा. तिला नाव आठवतं, वडील वारलेले आठवतात, पालक म्हणवणारा काका आठवतो. हा शेजारी बसलेला माणूस कोण, आणि सगळे आपल्याला त्याची बायको का म्हणतायत, एवढंच आठवत नाही. अशी नायिका हुशार राहते, प्रश्न विचारते, संशय घेते. कोरी पाटी झालेली नायिका मात्र दोनशे पानं नुसती भांबावलेली फिरते आणि वाचक कंटाळतो.

यातून नैतिक पेचही सुधारतो. शुद्धीवर आलेल्या अनोळखी बाईला 'मी तुझा नवरा' म्हणून फसवणारा नायक वाचक सहजी माफ करत नाही, आणि करूही नये. इथे मात्र नाटक दोघांनी मिळून ठरवलेलं होतं. फक्त ते नाटक होतं, हे तिच्या डोक्यातून गेलं. खोटं जुनं आहे, तिच्या संमतीचं आहे, आणि आता ते एकट्या त्याच्या गळ्यात पडलं आहे.

कॅलेंडर

तारखा लिहूनच काढा. १ जुलै १८१६, करार. मुलगी वीस वर्षांची. काका तिचं लग्न स्वतःच्या मुलाशी लावू पाहतोय, कारण तेव्हा लग्न झालं की बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. एडिंबरोला मावशीकडे पोचेपर्यंत अधिकाऱ्याने नवरा म्हणून सोबत करायची, असं ठरतं. जुलैभर प्रवास, लपाछपी, चुका आणि ओढ. ९ ऑगस्टला स्कॉटलंडमधल्या एका खाणावळीत काहीतरी घडतं. ते काय, ते पुढे. १० ऑगस्टला गाडी उलटते.

वार तपासून घ्या. १० ऑगस्ट १८१६ हा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी चर्चची घंटा वाजणार, आणि गावातली अर्धी माणसं खिडकीसमोरून जाणार. असे तपशील फुकट मिळतात.

मुलगी कोर्ट ऑफ चान्सरीची पाल्य दाखवली तर धोका वाढतो. न्यायालयाच्या परवानगीशिवाय अशा मुलीशी लग्न करणारा माणूस अवमानासाठी तुरुंगात जाऊ शकत असे. काकाला तेवढी धमकी पुरते.

कायद्याचा सापळा

इंग्लंड आणि वेल्समध्ये हार्डविकचा विवाह कायदा १७५३ साली झाला आणि २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. चर्चमध्ये तीन रविवार घोषणा किंवा बिशपचा परवाना, पाद्री, दोन साक्षीदार आणि नोंदवहीत सह्या. सकाळी आठ ते बारा हीच लग्नाची वेळ. वय एकवीसच्या आत असेल तर परवान्यासाठी वडिलांची किंवा पालकाची संमती. कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना असेल तर कुठेही, केव्हाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक, ज्यू आणि राजघराणं एवढेच अपवाद. त्यामुळे इंग्लंडमध्ये 'आम्ही नवरा-बायको आहोत' असं नुसतं म्हटल्याने लग्न होत नाही.

नायकाने नोंदवहीत खोटी नोंद घुसडली, असं मात्र लिहू नका. नोंदी क्रमांकाने एकाखाली एक असत, मागच्या तारखेला जागा उरत नसे, आणि नोंदवहीतल्या बनावटीला शिक्षा फाशीची होती. सावध माणूस त्या वाटेला जाणार नाही.

सरहद्द ओलांडली की चित्र पालटतं. स्कॉटलंडमध्ये पाद्री, परवाना, घोषणा, पालकाची संमती, कशाचीच सक्ती नव्हती. 'ही माझी बायको', 'हा माझा नवरा' असं दोघांनी मनापासून त्या क्षणी मान्य केलं की लग्न झालं. साक्षीदार लागत ते पुराव्यापुरते. म्हणूनच तर पळून जाणारी इंग्रज जोडपी सरहद्दीलगतचं ग्रेटना ग्रीन हे स्कॉटिश गाव गाठायची. १८५६ च्या कायद्याने एकवीस दिवसांच्या वास्तव्याची अट आणली. १८१६ च्या कथेत ती नको. ही चूक फार दिसते.

आता बारकावा. नुसतं नाटक म्हणून उच्चारलेले शब्द स्कॉटिश कायद्यातही बांधत नसत. खरी संमती हवी. पण चारचौघांत नवरा-बायको म्हणून वावरल्यावर 'ते नाटक होतं' हे सिद्ध करणं अवघड. जुलैमधलं खोटं इंग्लंडमध्ये निरुपद्रवी होतं, तेच वाक्य ऑगस्टमध्ये स्कॉटलंडात पुरावा ठरतं. सरहद्द ही तुमच्या कादंबरीची बिजागरी आहे. प्रवासाचं वर्णन आखडतं घेतलंत तरी चालेल, पण सरहद्द ओलांडण्याचा प्रसंग सोडू नका.

आणखी एक हत्यार क्वचित वापरलं जातं. 'अमुक माणूस माझा जोडीदार असल्याचं खोटंच सांगत फिरतो' असा दावा इंग्लंडच्या धर्मन्यायालयात करता येत असे. एलिझाबेथ चडली हिने ऑगस्टस हर्वीशी १७४४ साली गुपचूप लग्न केलं. १७६९ मध्ये अशाच दाव्यातून आपण अविवाहित असल्याचा निकाल मिळवला आणि किंग्स्टनच्या ड्यूकशी लग्न केलं. १७७६ मध्ये उमरावांनी तिला द्विविवाहाच्या गुन्ह्यात, म्हणजे नवरा जिवंत असताना दुसरा केल्याबद्दल, दोषी ठरवलं. तुमचा काका पुतणीच्या नावाने हाच दावा ठोकू शकतो. मग तिला काही आठवत नसताना शपथेवर उत्तर द्यावं लागेल.

लग्न खरं ठरलं तर सुटका सोपी नाही, हेही वाचकाला कळू द्या. १८५७ च्या कायद्यापूर्वी इंग्लंडमध्ये पुनर्विवाहाची मोकळीक देणारा घटस्फोट संसदेचा खास कायदा करूनच मिळे. स्कॉटलंडमध्ये न्यायालय घटस्फोट देत असे, पण व्यभिचार किंवा परित्याग या कारणांवरच.

उशाशी बसलेला वैद्य

१८१६ च्या ऑगस्टमध्ये खेड्यातल्या वैद्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप नको. लाएनेक या फ्रेंच वैद्याने पॅरिसमध्ये तो त्याच वर्षी शोधला. क्ष-किरण १८९५ चे. 'हिप्नॉटिझम' हा शब्दही १८४० च्या दशकातला. सर्जनला 'डॉक्टर' म्हणत नसत, 'मिस्टर' म्हणत. उपाय म्हणजे रक्त काढणं, जळवा लावणं, जुलाब, गार पाण्याच्या पट्ट्या, अंधारी खोली. वेदनेला लॉडनम, म्हणजे मद्यातली अफू. अफूने आठवणींचा गोंधळ आणखी वाढतो. काही आठवणी खऱ्या की गुंगीतल्या, हा संशय तुम्हाला आयता मिळतो.

जखम पाहायला डोक्याचा तेवढा भाग भादरत. हा तपशील घ्याच. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. टोपीखाली बोट घालून ती रोज ते खुंट चाचपते. अपघाताला किती दिवस झाले ते तारीख न सांगता समजतं.

आठवण परत येते ती कशी

दुसऱ्यांदा डोक्यावर आपटून स्मृती परत येत नाही. मेंदूला दुसरी इजा होते, एवढंच. जुन्या वासाने किंवा गाण्याने सगळं लख्ख आठवणंही टाळा. एखादा तुकडा येतो, संदर्भाशिवाय.

पुसलेला काळ बहुधा जुन्या टोकाकडून भरत येतो. सहा आठवड्यांपैकी १ जुलै आधी दिसू लागेल, ऑगस्ट शेवटी. अपघाताच्या लगेच आधीचा काळ बहुतेकदा कधीच परत येत नाही, कारण तो मेंदूत नीट साठवलाच गेलेला नसतो. आणि याच क्रमात तुमचं कथानक लपलं आहे.

९ ऑगस्टच्या रात्री, खाणावळवाली आणि तिचा घोडेवाला यांच्या समोर, दोघांनी ते शब्द खरोखर मनापासून उच्चारले. नाटक संपलं, लग्न झालं. दुसऱ्या दिवशी गाडी उलटली. काही आठवड्यांनी नायिकेला १ जुलै आठवतो: करार, अटी, 'एडिंबरोला पोचलो की आपण मोकळे'. तिच्या दृष्टीने हा माणूस महिनाभर खोटं बोलत होता. त्याच्याकडे ९ ऑगस्ट आहे, तिच्याकडे नाही, आणि कदाचित कधीच नसेल. तो म्हणतोय ते खरं आहे, पण नेमकं तेच, जे एखादा भामटाही म्हणाला असता.

९ ऑगस्टचा प्रसंग वाचकाला आधी दाखवायचा की नाही? दाखवू नका. वाचकही तिच्याइतकाच अंधारात हवा. मात्र साक्षीदार सुरुवातीलाच ओझरते दिसू द्या, नाहीतर ते शेवटी खिशातून काढल्यासारखे वाटतात. दोघांच्या जबानीत एक किरकोळ तफावत ठेवा: ती उभी होती की बसलेली. तंतोतंत जुळणाऱ्या जबान्या पढवलेल्या वाटतात.

हाताला मात्र लक्षात राहतं. वाजवणं, शिवणं, घोड्यावर बसणं टिकतं. क्लापारेद या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९११ साली नोंदवलेला प्रयोग इथे उपयोगी आहे. स्मृती गेलेल्या बाईशी हात मिळवताना त्याने हातात टाचणी लपवली. पुढच्या वेळी टोचल्याचं तिला आठवेना, पण तिने हात पुढे करायला नकार दिला. तुमच्या नायिकेलाही नायकाच्या पावलांचा आवाज ऐकून भीती वाटत नाही, आणि का वाटत नाही ते तिला सांगता येत नाही. एवढं एकदाच लिहा, दुसऱ्यांदा लिहिलंत की ती युक्ती होते.

अंगठीकडेही बघा. तेव्हा इंग्रज पुरुष लग्नाची अंगठी सहसा घालत नसत, बायका घालत. करारासाठी आणलेली अंगठी सैल असणार, आतून दोरा गुंडाळलेला. ती अंगठी काढते तर बोटावर वर्षानुवर्षांचा वळ नाही, फक्त दोऱ्याचा ठसा. संशय सुरू व्हायला एवढं बस्स.

आपण आणि आम्ही

मराठीत लिहिताना एक सोय आहे, ती सोडू नका. इंग्रजी पात्रांच्या तोंडी समोरच्यासाठी एकच 'you' आणि स्वतःच्या गटासाठी एकच 'we' आहे. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही', 'आपण', 'आम्ही' आहेत. करारापूर्वी दोघं 'तुम्ही'वर. लोकांसमोर नाटकात 'तू'. एकांतात पुन्हा 'तुम्ही'. सरहद्दीनंतर कधीतरी एकांतातही 'तू' निसटतो, आणि कोणी दुरुस्त करत नाही. अपघातानंतर तो काय म्हणणार? 'तू' म्हटलं तर खोटं पुढे चालू, 'तुम्ही' म्हटलं तर ती विचारणार, नवरा बायकोला असा परका का बोलतो? हे पान सावकाश लिहा.

आणि गतकाळ सांगताना 'आपण यॉर्कला थांबलो होतो' या 'आपण'मध्ये ती येते. 'आम्ही' म्हटलं की ती बाहेर राहते. तो थकलेला असताना एकदा 'आम्ही' निघून जाऊ द्या.

खोट्याची वही

नायकाने सांगितलेलं प्रत्येक खोटं वेगळ्या वहीत उतरवा: कोणाला सांगितलं, कोणत्या प्रकरणात, कोण उघड पाडू शकतं. सहाच्या वर जाऊ नका. लंडन ते एडिंबरो मेल कोचला, म्हणजे टपाल नेणाऱ्या घोडागाडीला, अडीच दिवसांच्या आसपास लागत. काकाचं पत्र आठवडाभरात कधीही येऊ शकतं. १८४० पूर्वी टपालखर्च बहुधा पत्र घेणारा देई, त्यामुळे दारात टपालवाला उभा आणि पैसे कोण देणार, यावरून पत्र नायिकेच्याच हाती पडणं अगदी सहज जमतं.

ती विसरलेली असताना शरीरसंबंध नकोत. त्याला सगळं ठाऊक, तिला काहीच नाही. अशा वेळी तिचा होकार हा होकार नसतो. वैद्याने सांगितलेली विश्रांती हे वेगळ्या खोलीचं कारण पुरेसं आहे. त्याचं अंतर राखणं तिला सुरुवातीला थंडपणा वाटेल आणि १ जुलै आठवल्यावर अपराधी मनाचा पुरावा वाटेल. खरं कारण तिला सर्वांत शेवटी कळतं.

शेवटी तिला ९ ऑगस्ट आठवू देऊ नका. कायद्याने ती आधीच त्याची बायको आहे, त्यामुळे तिने पुन्हा ते शब्द म्हटले तर त्यांना कायदेशीर किंमत शून्य. म्हणून प्रसंग आटोपशीर ठेवा: पाद्री नको, पाहुणे नकोत, तीच खाणावळ, पाऊस. साक्षीदारांना या वेळी खोलीबाहेर ठेवा.