स्टार्चच्या कारखान्यातला संघ

क्रीडा व्यवस्थापन शिकायला अमेरिकेत येणारी आपली मुलं मला हमखास विचारतात, "दादा, मैदानावरून ऑफिसात कसं पोचायचं?" मी त्यांना आधी अमेरिकन फुटबॉलमधल्या जॉर्ज हॅलस यांची गोष्ट सांगतो.

हॅलस शिकागोचे, जन्म १८९५चा. इलिनॉय विद्यापीठात सिव्हिल इंजिनीअरिंग शिकले. १९१९मध्ये यांकीजकडून बेसबॉलचे जेमतेम १२ सामने खेळले. १९२०मध्ये डिकेटरच्या स्टॅली स्टार्च कंपनीने त्यांना फुटबॉल संघ उभारायला बोलावलं. खेळाडू कंपनीच्या पगारावर. हॅलस स्वतः खेळायचे आणि शिकवायचेही. त्याच वर्षी कँटन गावातल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये ज्या बैठकीत व्यावसायिक फुटबॉल लीगची स्थापना झाली, तिथे ते हजर होते. पुढच्या वर्षी कंपनीला खर्च झेपेना. मालकाने ५,००० डॉलर आणि संघ त्यांच्या हवाली केला, अट एवढीच की एक हंगाम स्टॅली हे नाव ठेवायचं. १९२२पासून तोच संघ शिकागो बेअर्स. तिकीटविक्रीपासून वर्तमानपत्रांना बातम्या पुरवण्यापर्यंत सगळं हॅलसच बघत.

लहानसहान कामाचं हे मोल मला फार उशिरा कळलं. पहिल्या सत्रात एका कॉलेज संघाकडे माझं काम होतं टॉवेल मोजायचं आणि उंच टॉवरवर उभं राहून सराव चित्रित करायचं. घरी फोनवर हे सांगायची लाज वाटायची. पण प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांची फिल्म बसून अभ्यासायची सवय या खेळाला लावणाऱ्यांत हॅलस अगदी आघाडीवर होते. १९४०च्या अंतिम सामन्यात बेअर्सनी वॉशिंग्टनला ७३-० हरवलं. तीनच आठवड्यांपूर्वी त्याच संघाकडून ते ७-३ हरले होते! प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी यांच्या मदतीने घोटून घेतलेली टी-रचना (चेंडू घेऊन चाल करणारे खेळाडू इंग्रजी T अक्षरासारखे उभे करायची पद्धत) त्या दिवशी कुणालाच अडवता आली नाही.

म्हणून टॉवरचं काम मिळालं तर सोडू नका. प्रत्येक चालीपुढे डाउन कितवा (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), यार्ड किती उरले, रचना कोणती, हे स्वतः नोंदवा. महिन्याभरात पुढची चाल आधीच दिसू लागते, आणि प्रशिक्षक तुम्हाला नावाने हाक मारू लागतात. माझी मीटिंगमधली पहिली खुर्ची याच नोंदींमुळे मिळाली.

ऑगस्टच्या सुरुवातीलाच संघ सरावाला लागतो, त्यामुळे व्हिडिओ विभागाला जुलैतच मेल करा. ते हुकलं तर वसंतातल्या सरावासाठी जानेवारीत करा. आणि जाड हातमोजे आणा. टॉवरवर वारा फार असतो.